नाझींचा वकील आणि आपला एफआयआर

आपल्या तरुणांच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘अभिव्यक्ती स्वातंत्र्य वगैरे सगळं त्यांच्यासाठी असतं, आपल्यासाठी नाही.’ त्याच बैठकीत चहा येईपर्यंत कुणीतरी मोबाइलवर एक पोस्ट दाखवतं आणि दुसरं वाक्य येतं: ‘याच्यावर एफआयआर टाकलाच पाहिजे.’ बऱ्याचदा दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून येतात.

पहिली तक्रार खरी आहे. पण दुसरी मागणी त्या तक्रारीला खतपाणी घालते, असं माझं स्पष्ट मत आहे. ते मांडण्यासाठी आधी अमेरिकेतल्या एका संघटनेची शंभर वर्षांची कहाणी सांगतो. ती सांगण्याचं कारण असं, की बोलण्याच्या स्वातंत्र्याचं तत्त्व धरणं, ते सोडणं आणि पुन्हा उचलणं हे सगळं त्या संघटनेने केलं आहे. प्रत्येक वेळी त्याची किंमत कुणी मोजली, हेही तिथे उघड दिसतं. त्या किंमत मोजणाऱ्यांत आपली माणसं आहेत.

स्कोकी

अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन, म्हणजे एसीएलयू, १९२० मध्ये स्थापन झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथे युद्धाला विरोध करणाऱ्यांना आणि कामगार पुढाऱ्यांना सर्रास तुरुंगात टाकत होते. संस्थापक रॉजर बाल्डविन स्वतः सक्तीच्या सैन्यभरतीला नकार दिला म्हणून तुरुंगवास भोगून आले होते. म्हणजे संघटना सुरू झाली ती आपल्याच माणसांच्या बचावासाठी, आणि त्यात काही गैर नाही. परीक्षा पुढे असते.

ती परीक्षा १९७७ मध्ये आली. शिकागोजवळ स्कोकी नावाचं गाव आहे. लोकसंख्या तेव्हा सत्तर हजारांच्या आसपास, त्यातले निम्म्याहून अधिक ज्यू, आणि त्यांच्यात हिटलरच्या छळछावण्यांतून वाचून आलेली शेकडो माणसं. फ्रँक कॉलिन नावाच्या नाझी पुढाऱ्याने जाहीर केलं की आपण स्वस्तिकाच्या पट्ट्या दंडावर बांधून याच गावात निदर्शनं करणार. गावाने कोर्टातून मनाई आणली. शिवाय साडेतीन लाख डॉलरचा विमा काढल्याशिवाय मोर्चा नाही, असे नियमही केले. एसीएलयूने कॉलिनचं वकीलपत्र घेतलं. त्याची बाजू मांडणारे डेव्हिड गोल्डबर्गर ज्यू होते. संघटनेचे प्रमुख आर्ये नायर हेही ज्यू होते. ते बर्लिनमध्ये जन्मलेले आणि लहानपणी नाझींपासून जीव वाचवून पळालेल्या कुटुंबातले.

हजारो सदस्यांनी राजीनामे दिले, देणग्या आटल्या. तरी संघटना मागे हटली नाही. नायर यांचा युक्तिवाद सरळ होता. विमा, परवाना, ‘गावात शांतता बिघडेल’ ही कारणं आज नाझींना लावली तर उद्या ती हक्क मागणाऱ्यांना लागतील. हे काल्पनिक नव्हतं. १९६३ मध्ये बर्मिंगहॅममध्ये परवान्याशिवाय मोर्चा काढला म्हणून मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक झाली होती. परवाना द्यायचा की नाही, हे ठरवणारे हात गोऱ्यांचे होते. स्कोकीचा खटला कॉलिन जिंकला, पण मोर्चा स्कोकीत निघालाच नाही. शेवटी त्याने शिकागोत सभा घेतली आणि विषय संपला.

स्कोकीच्या आधीचं एक उदाहरण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. क्लू क्लक्स क्लॅनचा पुढारी ब्रँडेनबर्ग याला ओहायो राज्यात चिथावणीखोर भाषणाबद्दल शिक्षा झाली होती. एसीएलयूने त्याची बाजू लढवली. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिला: लगेच होऊ घातलेल्या बेकायदा कृतीसाठी मुद्दाम चिथावणी दिली असेल आणि ती कृती घडण्याची शक्यता खरोखर असेल, तरच भाषणाला शिक्षा. काळ्या लोकांचा द्वेष करणाऱ्या माणसाने मिळवलेला हा निकाल. आता पुढे बघा. मिसिसिपीतल्या क्लेबोर्न काउंटीत काळ्या नागरिकांनी १९६६ मध्ये गोऱ्या दुकानदारांवर बहिष्कार टाकला होता. दुकानदारांनी नुकसानभरपाईचा दावा लावला आणि राज्यातल्या कोर्टांनी चळवळीवर बारा लाख डॉलरहून अधिक रकमेचा बोजा टाकला. चळवळीचे नेते चार्ल्स एव्हर्स यांनी भाषणात बहिष्कार मोडणाऱ्यांना दमही दिला होता. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना वाचवलं, आणि त्यासाठी आधार घेतला तो ब्रँडेनबर्गच्या निकालाचा. क्लॅनवाल्याने जिंकलेली ढाल काळ्या चळवळीच्या कामी आली.

तत्त्व कधी ढिलं झालं

याचा अर्थ ही संघटना कायम ताठ उभी होती, असं नाही. १९४० मध्ये कम्युनिस्टांविरुद्धची हवा तापली, तेव्हा एसीएलयूने हुकूमशाही विचारसरणीला पाठिंबा देणाऱ्यांना आपल्या कार्यकारिणीत जागा नाही, असा ठराव केला. त्याखाली एलिझाबेथ गर्ली फ्लिन यांना मंडळातून काढलं. या बाई संघटनेच्या संस्थापकांपैकी एक होत्या. विचारांसाठी कुणाला शिक्षा होऊ नये म्हणून काढलेल्या संघटनेने संस्थापकालाच विचारांसाठी शिक्षा केली! १९७६ मध्ये ही हकालपट्टी रद्द केली, पण तोवर फ्लिनबाई वारल्या होत्या.

दुसरी ढिलाई आपल्या डोळ्यांसमोरची आहे, आणि तिच्यात आपला संबंध येतो. जानेवारी २०१७ मध्ये ट्रम्प यांनी सात मुस्लिमबहुल देशांतल्या लोकांच्या प्रवेशावर बंदी घातली. दुसऱ्याच दिवशी एसीएलयूने न्यूयॉर्कच्या कोर्टातून विमानतळांवर अडकलेल्यांसाठी स्थगिती मिळवली. त्या एका शनिवार-रविवारात संघटनेला दोन कोटी डॉलरहून अधिक ऑनलाइन देणग्या आल्या. सदस्यसंख्या चार लाखांवरून वर्ष-दीड वर्षात अठरा लाखांच्या घरात गेली. मुसलमानांसाठी लढली म्हणून संघटना फुगली. मलाही तेव्हा आनंदच झाला होता.

पण नवे सदस्य कशासाठी आले होते? त्यांना हवी होती ट्रम्पविरोधी फौज. स्कोकीचा वकील त्यांच्या कल्पनेत कुठेच नव्हता. सहा-सात महिन्यांतच कसोटी लागली. ऑगस्ट २०१७ मध्ये शार्लट्सव्हिल शहरात गोऱ्या वर्चस्ववाद्यांची सभा होती. शहराने जागा बदलायला सांगितली. एसीएलयूच्या व्हर्जिनिया शाखेने आयोजकाच्या बाजूने कोर्टात जाऊन मूळ जागा मिळवून दिली. सभेच्या दिवशी एका वर्चस्ववाद्याने विरोधकांच्या गर्दीत गाडी घातली आणि हेदर हायर ही ३२ वर्षांची तरुणी मारली गेली.

संघटनेत वादळ उठलं. शाखेच्या मंडळातून राजीनामा आला, कर्मचाऱ्यांनी निषेधाचं पत्र लिहिलं. शस्त्रं घेऊन मोर्चा काढणाऱ्यांचं वकीलपत्र घेणार नाही, असं संघटनेने जाहीर केलं. इथवर मला पटतं. बंदूक हे भाषण नव्हे. पण २०१८ मध्ये खटले निवडण्यासाठीची अंतर्गत मार्गदर्शक तत्त्वं बाहेर आली. त्यांत असं होतं की एखाद्याच्या भाषणाचा वंचित समाजांवर काय परिणाम होईल, त्याने वर्चस्ववाद्यांचं उद्दिष्ट कितपत पुढे जाईल, याचाही विचार व्हावा. जुने प्रमुख आयरा ग्लासर यांनी यावर कडाडून टीका केली. धोरण बदललेलं नाही, असं संघटनेचं उत्तर होतं.

‘वंचित समाजांवरचा परिणाम’. वाचायला किती चांगलं वाटतं! आपल्यासाठीच लिहिलंय असं वाटतं. याच वाक्यापाशी थांबून विचार करा, असं माझं सांगणं आहे.

मी सॉफ्टवेअर लिहितो. नियमाच्या कोडमध्ये एखाद्या ग्राहकाचं नाव थेट घालायचं नाही, हे आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या महिन्यात सांगतात. नाव घातलं की आजचं काम भागतं. मग ग्राहक बदलतो, ती ओळ लिहिणारा नोकरी सोडून जातो आणि ओळ मात्र चालूच राहते, भलत्याच्या बाजूने. ‘वंचितांना दुखावणारं भाषण वेगळं’ ही तशीच ओळ आहे. वंचित कोण, हे ज्याच्या हातात कीबोर्ड आहे तो ठरवणार.

आणि तसंच झालं. ऑक्टोबर २०२३ नंतर अमेरिकी विद्यापीठांत पॅलेस्टाइनच्या बाजूने बोलणाऱ्या विद्यार्थ्यांवर कारवाया सुरू झाल्या. ज्यू विद्यार्थ्यांना असुरक्षित वाटतं, त्यांना इजा होते, हे कारण दिलं गेलं. शब्द तेच होते: इजा, सुरक्षितता, परिणाम. फक्त नाव बदललं. फ्लोरिडात राज्याच्या विद्यापीठ यंत्रणेने ‘स्टुडंट्स फॉर जस्टिस इन पॅलेस्टाइन’च्या शाखा बंद करण्याचा आदेश काढला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने त्याच संघटनेला निलंबित केलं. मार्च २०२५ मध्ये कोलंबियातल्या आंदोलनाचा चेहरा असलेले महमूद खलील यांना घरी परतताना इमारतीतूनच उचललं. त्यांच्यावर कुठल्या गुन्ह्याचा आरोपही नव्हता. त्यांनी १०४ दिवस कोठडीत काढले.

त्यांच्या बाजूने कोर्टात कोण उभं राहिलं? फ्लोरिडाच्या आदेशाविरुद्ध एसीएलयू गेली. खलील यांच्या वकिलांतही एसीएलयू होती. उजव्या विचारांच्या विद्यार्थ्यांचे खटले वर्षानुवर्षं लढणाऱ्या फायर या संघटनेनेही खलील यांच्या बाजूने कोर्टात निवेदन दिलं. फायरने २०२२ मध्ये नावातला ‘शिक्षण’ हा शब्द काढून ‘अभिव्यक्ती’ घातला, तो एसीएलयूने मोकळी केलेली जागा आपण भरू असं म्हणतच.

आणखी एक गोष्ट. मे २०२४ मध्ये एसीएलयूने सर्वोच्च न्यायालयात बंदूकवाल्यांची संघटना एनआरए हिचा खटला लढवला आणि तो एकमताने जिंकला. एनआरए आणि एसीएलयू यांचं जवळपास कशावरही जमत नाही. निकाल असा होता: सरकारला एखाद्याचं म्हणणं आवडत नाही म्हणून ते विमा कंपन्या-बँकांवर दबाव आणून त्याची नाकेबंदी करू शकत नाही. २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने नावडत्या वकिली फर्मवर आदेश काढले, तेव्हा ते रद्द करणाऱ्या न्यायाधीशांनी याच एनआरएच्या निकालाचा आधार घेतला. पुन्हा तेच घडलं. शत्रूसाठी जिंकलेली ढाल वर्षभरात दुसऱ्यांच्या उपयोगी पडली.

म्हणजे संघटनांची निष्ठा वरखाली होते. पैसा रागातून आला की ती रागाच्या दिशेने झुकते. सरकारची भीती वाटली की आक्रसते. आणि ती ज्या दिवशी झुकते, त्या दिवसाचं बिल दुबळ्याच्या नावावर निघतं.

आपल्याकडची गोष्ट

हे फक्त अमेरिकेत घडतं असं समजू नका. १९३६ मध्ये आपल्याकडे इंडियन सिव्हिल लिबर्टीज युनियन निघाली. पुढाकार जवाहरलाल नेहरूंचा, मानद अध्यक्ष रवींद्रनाथ टागोर, सोबत सरोजिनी नायडू. नागरी स्वातंत्र्य म्हणजे सरकारला विरोध करण्याचा हक्क, अशी नेहरूंची तेव्हाची भूमिका होती.

आता २६ मे १९५० या तारखेकडे या. सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. पहिला मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या डाव्या साप्ताहिकाचा, ज्यावर मद्रास सरकारने बंदी घातली होती. दुसरा संघाच्या ‘ऑर्गनायझर’चा, ज्यावर दिल्लीत पूर्वतपासणी लादली होती. दोघेही जिंकले. डावे आणि उजवे एकाच दिवशी, एकाच कलमावर. तेरा महिन्यांच्या आत नेहरूंच्याच सरकारने पहिली घटनादुरुस्ती करून अभिव्यक्तीवरच्या निर्बंधांत ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे कारण घातलं. संसदेत त्याला विरोध करणाऱ्यांत श्यामाप्रसाद मुखर्जी होते. नागरी स्वातंत्र्य संघाचा जनक निर्बंध आणतो आणि हिंदुत्ववादी नेता स्वातंत्र्याची बाजू मांडतो. आज मुखर्जींचे वारस सत्तेत आहेत आणि नेहरूंनी घातलेले तेच दोन शब्द मनसोक्त वापरतात. खुर्ची बदलली की तत्त्वाची जागाही बदलते.

त्या दोन शब्दांचं पुढे काय झालं, हे आपल्या प्रत्येक तरुणाला माहीत असायला हवं. कलम २९५अ, म्हणजे धार्मिक भावना दुखावण्याचा गुन्हा, इंग्रजांनी १९२७ मध्ये आणला. लाहोरमध्ये प्रेषितांविषयी (स.) निघालेल्या एका बदनामीकारक पुस्तकाचा प्रकाशक हायकोर्टात सुटला, मुस्लिम समाजात संताप झाला आणि त्या मागणीतून हे कलम जन्मलं. आपल्या पणजोबांच्या पिढीने मागून घेतलेलं कलम आहे हे. १९५७ मध्ये त्याच्या वैधतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. आरोपी कोण होता? ‘गौरक्षक’ नावाच्या मासिकाचा संपादक रामजीलाल मोदी, मुसलमानांच्या भावना दुखावल्याबद्दल शिक्षा झालेला. न्यायालयाने ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ या नव्या शब्दांच्या आधारे कलम वैध ठरवलं. आपला अपमान करणारा आत गेला, आपण जिंकलो. आणि त्या विजयाने हे कलम पक्कं झालं, जे आज भारतीय न्याय संहितेत २९९ या क्रमांकाने आपल्याच मानेवर आहे.

पीयूसीएलची कथाही बघा. आणीबाणीत १९७६ मध्ये जयप्रकाश नारायण यांनी ती उभी केली. आपले सासवडचे, मुंबई हायकोर्टाचे माजी न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे तिचा आधारस्तंभ होते. १९७७ मध्ये जनता पक्ष जिंकला, ‘आपलं’ सरकार आलं आणि संघटना जवळजवळ झोपली. अनेकांना वाटलं, लढाई संपली. १९८० मध्ये इंदिरा गांधी परतल्यावर ती पुन्हा जागी करावी लागली. आपलं सरकार असताना झोपणं हा नागरी स्वातंत्र्यवाल्यांचा जुना आजार आहे.

पुण्यातल्या दोन मुली

आता अलीकडचं. मे २०२५. पुण्यात शिकणाऱ्या दोन विद्यार्थिनी. एक १९ वर्षांची, मूळची जम्मू-काश्मीरची, इंजिनिअरिंगची मुस्लिम विद्यार्थिनी. तिने ‘ऑपरेशन सिंदूर’वर टीका करणारी पोस्ट पुढे पाठवली, थोड्याच वेळात काढून टाकली, माफी मागितली. तिला अटक झाली, कॉलेजने काढून टाकलं, परीक्षा बुडायची वेळ आली. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला खडसावून तिला तात्काळ सोडायला लावलं. दुसरी कायद्याची हिंदू विद्यार्थिनी. तिने त्याच काळात एक व्हिडिओ टाकला, त्यात प्रेषितांविषयी (स.) घाणेरडे उद्गार होते. तिनेही तो काढून टाकला, माफी मागितली. तिला कोलकाता पोलिसांनी गुरुग्रामहून उचललं. आठवड्याभरात कलकत्ता हायकोर्टातून तिला जामीन मिळाला.

तुमच्या-माझ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका मुलीसाठी हळहळ होती आणि दुसऱ्या मुलीच्या अटकेवर ‘अलहमदुलिल्लाह’. पलीकडच्या ग्रुपवर याच्या बरोबर उलट. आणि तिसरी गोष्ट आपल्या ग्रुपवर कुणी फिरवली नाही. त्या कायद्याच्या विद्यार्थिनीविरुद्ध तक्रार करणारा मुस्लिम तरुण काही दिवसांतच स्वतः अटकेत गेला. त्याच्या जुन्या पोस्ट शोधून काढून, हिंदू देवतांचा अपमान केला म्हणून, वेगवेगळ्या राज्यांत त्याच्यावर गुन्हे दाखल झाले. त्याने उपसलेली तलवार फिरून त्याच्यावरच आली.

हा योगायोग नाही. कोल्हापूर जिल्ह्यात एका कॉलेजातल्या काश्मिरी प्राध्यापकाने ३७० रद्द झाल्याचा दिवस काळा म्हणून स्टेटस ठेवलं, पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. त्यांच्यावर १५३अ लागलं. मुंबई हायकोर्टानेही गुन्हा रद्द केला नाही. मार्च २०२४ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांनी तो रद्द केला. महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेले शायर इमरान प्रतापगढी यांच्यावर एका नज्मवरून जामनगरमध्ये गुन्हा दाखल झाला, त्यात हेच २९९ होतं. मार्च २०२५ मध्ये याच दोन न्यायमूर्तींनी तोही रद्द केला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जायला प्राध्यापक किंवा खासदार तरी असावं लागतं. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात स्टेटसवरून दगडफेक झाली, तेव्हा ज्या पोरांवर गुन्हे दाखल झाले त्यांच्यापैकी किती जण दिल्लीला जाऊ शकतात?

आणि शिरीन दळवींना विसरू नका. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईच्या ‘अवधनामा’ या उर्दू दैनिकाच्या संपादक म्हणून त्यांनी शार्ली एब्दोचं मुखपृष्ठ बातमीसोबत छापलं. माफीही छापली. तरी वेगवेगळ्या पोलीस ठाण्यांत आपल्याच लोकांनी तक्रारी केल्या. २९५अखाली अटक झाली, आवृत्ती बंद पडली, नोकरी गेली. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायद्याच्या निषेधार्थ राज्य उर्दू अकादमीचा पुरस्कार परत करणाऱ्या याच शिरीन दळवी. त्या आपल्यासाठी बोलल्या. आपण त्यांच्यासाठी काय बोललो होतो?

‘पण’चे तीन प्रकार

पहिला: ‘मग आपल्याविरुद्ध विष ओकणाऱ्या सभा चालू द्यायच्या?’ जमावाला घरांकडे, दुकानांकडे वळवणारी चिथावणी, नाव घेऊन दिलेली धमकी, मोर्चा नेऊन दारात घातलेला धिंगाणा हे गुन्हे आहेत आणि गुन्हेच राहायला हवेत. त्यासाठी आपण भांडलंच पाहिजे. पण ‘भावना दुखावल्या’ हे कलम त्यासाठी लागत नाही. द्वेषपूर्ण भाषणांवर पोलिसांनी स्वतःहून गुन्हे नोंदवावेत, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना लागू झाला. महाराष्ट्रात सभा थांबल्या का? आदेशही आला, सभाही चालू राहिल्या. कायदा जितका ढगळ, तितका तो पोलिसांच्या मर्जीवर, आणि मर्जी कुणाची हे तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरा: ‘अमेरिकेत कायदा सगळ्यांना सारखा लागतो, तिथलं इथे काय सांगता?’ तिथेही सारखा लागत नाही, खलील यांना विचारा. आणि इथे तो असमान लागतो हे मान्य असेल, तर असमान हातात मोठी काठी द्यावी की छोटी?

तिसरा सगळ्यांत अवघड: ‘प्रेषितांचा (स.) अपमान सहन करायचा?’ ही वेदना मला ठाऊक आहे, ती माझीही आहे. त्यावर कुणी मला थंड डोक्याने समजवायला आलं तर मीही चिडतो. पण थट्टा चालली असेल त्या बैठकीतून उठून जा, विषय बदलेपर्यंत त्यांच्यात बसू नका, अशी शिकवण आपल्याला कुरआनातूनच मिळालेली आहे. उठून जाण्यात स्वाभिमान आहे. ठाणेदाराच्या टेबलासमोर अर्ज घेऊन उभं राहण्यात तो मला दिसत नाही. ज्याच्या भरवशावर आपली वस्ती रात्री झोपत नाही, त्याच्याच हाती आपण आपल्या हुजूरांच्या इज्जतीची राखण सोपवतो?

मग करायचं काय

एक, आपल्या चळवळीने जिल्ह्याजिल्ह्यात कायदा मदत गट उभे करावेत. गटात येणाऱ्या प्रकरणाला पहिला प्रश्न ‘कलम कोणतं’ हा असावा. आरोपीचं आडनाव शेवटी विचारावं. १९६ आणि २९९ खाली केवळ शब्दांसाठी अडकलेला कुणीही असो, त्याला किमान जामिनाची माहिती आणि वकिलाचा नंबर मिळावा.

दोन, नागरी स्वातंत्र्याच्या संघटनांना आपण वर्गणी द्यावी. महिन्याला शंभर रुपये का होईना, पण नियमित. एका संतापाच्या लाटेत आलेल्या पैशाने संघटना कशी वाकते, ते एसीएलयूने दाखवलं आहे. शांत काळातली वर्गणी तिला ताठ ठेवते. आणि उद्या हीच संघटना आपल्याला शिव्या देणाऱ्याच्या बाजूने कोर्टात उभी राहिली, तर सदस्यत्व सोडू नका. स्कोकीत हजारोंनी सोडलं होतं. उलट त्या दिवशी समजा की आपला पैसा योग्य ठिकाणी गेला.

तीन, संघटनेला जोखायचं ते एकाच गोष्टीवरून: गेल्या पाच वर्षांत तिने आपल्याच देणगीदारांना न आवडणाऱ्या किती जणांची बाजू घेतली? आपल्यासाठी पत्रक काढलं एवढ्यावर खूश होऊ नका. पत्रकं सगळेच काढतात.

हे गट सुरू होतील तेव्हा पहिलं प्रकरण कोणतं घ्यावं, यावर माझी एक सूचना आहे. आपल्यापैकी कुणाचं घेऊ नका. आपल्याला दुखावणाऱ्या एखाद्या पोराचं घ्या, ज्याने पोस्ट काढून टाकली आहे, माफी मागितली आहे आणि तरी कोठडीत आहे. मुस्लिम वकिलांनी त्याचा जामीन करून द्यावा. मोहल्ल्यात ओरड होईल, आपलेच लोक आपल्याला विकले गेलेले म्हणतील. होऊ द्या. त्यानंतर आपलं पोर आत जाईल तेव्हा न्यायाधीशासमोर आपल्या वकिलाला ‘हा आमचा आहे, म्हणून सोडा’ असं म्हणावं लागणार नाही. मागच्या महिन्याचा जामिनाचा आदेश पुढे ठेवून तो एवढंच म्हणेल: ‘साहेब, कलम तेच आहे.’